थंड पाण्याची पोरगी

वांबे टाळ्या न वाजवताच आत येऊन बाकावर बसला, तेव्हाच मुचानेताला काहीतरी बिनसल्याचं कळलं. मुचानेताची लेक शुवाय आणि खोऱ्यातला गारिकाय यांच्या सोयरिकीचा मध्यस्थ होता तो. वर्षभर खोऱ्यातून डोंगर चढून यायचा, दाराबाहेर गुडघ्यांवर बसून दोन्ही तळवे वाजवत घरातल्या कोंबड्यांचीसुद्धा खुशाली विचारायचा, आणि जाताना बटाट्यांची पिशवी खांद्यावर टाकून जायचा. आज त्याने कोणाचीच खुशाली विचारली नाही.

"माई शुवाय, माझ्यावर चिडू नका," तो मुचानेताला रीतीप्रमाणे लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाला. "मी नुसतं तोंड. बोलणं त्यांचं."

"मग उघड ते तोंड."

"त्यांना पोरीसाठी दिलेली गुरं परत हवीत."

मुचानेता चुलीवर मक्याच्या पिठाचा साडझा घोटत होती. तिचा हात थांबला. "कशाबद्दल?"

"आता मी काय सांगू? पोरीला रक्त जातं म्हणे. दवाखान्यात तिला तसल्या रोगाच्या सुया टोचतात म्हणे. गारिकाय म्हणतो, मी तिला हातसुद्धा लावलेला नाही. मग दुसरा कोणीतरी असणार म्हणे..."

"हा म्हणे कोण रे? कुठं राहतो? पत्ता दे, त्याच्या दारात जाऊन बसते."

"शनिवारी दोन्हीकडची माणसं बसणार आहेत, माई. तुमच्याच अंगणात. काय बोलायचं ते तिथं बोला."

"तिथं मला बोलता येतं का? अं? पोरीच्या आईला व्याह्यांसमोर तोंड उघडता येतं का?"

येत नव्हतंच. मुलीच्या अंगाची गोष्ट बापाच्या बहिणीने बोलायची आणि आईने चटईवर मान खाली घालून बसायचं, ही रीत. आणि बापाची बहीण म्हणजे फिलोमेना आत्या. तिने तर पहिल्याच दिवशी पोरीचा निकाल लावून टाकला होता.

वांबेला त्या दिवशी बटाटे मिळाले नाहीत. साडझा करपला तो वेगळाच.

शुवायचं दुखणं गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झालं होतं. आधी लघवीला जळजळ, मग ओटीपोटात कळा, मग पाळी नसतानाही कपड्यावर डाग. डोंगरावरच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सुई टोचली आणि म्हणाली, "तुझ्या माणसालाही घेऊन ये."

"माझा कोणी माणूस नाही," शुवाय म्हणाली.

"सगळ्या असंच म्हणतात."

गुण आला नाही. पुन्हा सुई, पुन्हा तोच प्रश्न, बाहेरच्या बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कुठल्याही शहाण्या पोरीने हे पोटात ठेवलं असतं. शुवायने होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, कारण तिला वाटलं तो आपला आहे. गारिकायने ते घरी सांगितलं आणि तिथून ते खोरंभर झालं.

आत्याने पोरीला आपल्या झोपडीत बसवून दुपारभर सोललं. कोण तो? लॉरीवाला? शाळेतला मास्तर? शुवाय रडली, मग रडायचीही थांबली. तिसऱ्या सुईनंतर मुचानेतानेही एकदा विचारलं होतं, "बाळ, मला खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही." शुवायने आईकडे नुसतं पाहिलं होतं. त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलत होती.

आता हे सगळं कशावरून पेटलं ते समजायचं तर डोंगरावरच्या बायकांचा माज समजून घ्यायला हवा. खाली खोऱ्यात चहाचे मळे, केळी, उकाडा आणि पाण्याचा रोग. तिथल्या नदीतल्या गोगलगायींमधून किडे सुटतात, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात आणि मग लाल लघवी होते, आणि ती लघवी पाण्यात पडली की पुन्हा गोगलगायींत किडे होतात, हे न्यांगाच्या डोंगरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. खोऱ्यातल्या कितीतरी बायकांना मूल राहायचं नाही, राहिलं तर टिकायचं नाही. म्हणून खोऱ्यातली खाऊनपिऊन सुखी घराणी सुना आणायला डोंगर चढायची. इथं हिवाळ्यात बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरायचा. गोगलगाय त्या पाण्यात जगायचीच नाही. "थंड पाण्याची पोरगी आहे," असं म्हटलं की रूऱ्याच्या, म्हणजे देजाच्या, बोलण्यांत एक गाय वाढायची. मुलीसाठी द्यायच्या गुरांवरून इतर वेळी तासन् तास घासाघीस व्हायची, पण या गायीला कोणी नाही म्हणत नसे.

शुवायच्या वेळी ती गाय मुचानेतानेच आत्याच्या कानात सांगून वाढवून घेतली होती. काय तो दिवस होता! रीतीप्रमाणे शुवायला मध्ये उभी करून थोरल्या चुलत्याने विचारलं होतं, "या माणसांना तू ओळखतेस का? यांची गुरं आम्ही घ्यायची का?" शुवाय हसू दाबत म्हणाली होती, "ओळखते." बायकांनी लांब हाळी देऊन अंगण दणाणून सोडलं होतं.

पण हिवाळा आता पूर्वीचा राहिला नव्हता. दव गोठायचं बंद झालं होतं. बटाट्याचा पाला करपायचा नाही, म्हणून लोक खूष होते आणि आणखी एक पीक घेत होते. पाऊस मात्र कधी नुसताच हुलकावणी द्यायचा, कधी एकदम कोसळायचा. वाहता ओढा आटून डबकी झाली, म्हणून खाली बांध घातला. त्या बांधात पोरी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बटाटे धुवायच्या, कारण शहरातल्या व्यापाऱ्याला बटाटा धुतलेलाच हवा. मुचानेताच्या तरुणपणी हे काम म्हणजे शिक्षा होती. एक गाणं संपेपर्यंत पाण्यात उभं राहायचं, मग दात वाजवत बाहेर, मग दुसरीची पाळी. आता पोरी अख्खी दुपार पाण्यात गप्पा छाटत उभ्या राहायच्या. देवाने आमच्यासाठी पाणी कोमट केलं, असं त्या कौतुकाने म्हणायच्या. पोत्यांना चिकटलेल्या बारक्या गोगलगायी नखाने उडवायच्या आणि पुन्हा गप्पांना लागायच्या.

शनिवारच्या आधी मुचानेता बटाट्याच्या लॉरीत बसून खाली गेली. शहाणपणा करायला नव्हे, भांडायला. व्याह्यांसमोर बोलता येत नाही ना? मग विहिणीला तर तिच्या घरात गाठते, असं ठरवून गेली.

गारिकायची आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. थोराड, शांत बाई. "बसा, माई शुवाय."

"बसायला नाही आले. माझ्या पोरीला घाणेरडी म्हणणारी जीभ कोणाची ते बघायला आलेय."

तेवढ्यात घराच्या मागे पोरांचा हैदोस उठला. चारपाच पोरं भिंतीवर लघवी लांब टाकायची शर्यत लावत होती. एकाची धार शेवटी लाल झाली आणि बाकीची ओरडायला लागली. परसात बसलेला गारिकायचा काका खदखदून हसला. "अरे वा! झाला मर्द! आम्ही पण असेच लाल मुतायचो रे या वयात!"

मुचानेता त्या ओल्या भिंतीकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे तिला तिथं कळलं.

"याला हसता?" ती विहिणीला म्हणाली. "पोराला रक्त आलं की मर्द?"

"पाण्याचा रोग आहे तो. इथं सगळ्या पोरांना होतो. वर्षातून एकदा शाळेत काठी घेऊन येतात, पोराला काठीला टेकवून उंची बघतात, उंचीप्रमाणे गोळ्या देतात. जातं."

"आणि पोरींना?"

शेंगा सोलणारे हात थांबले. "पोरींचं दिसत नाही."

"तुम्ही पोर होतात तेव्हा?"

त्या बाईने मांडीवरची टरफलं झटकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मला पण जायचं. आत दुखायचं. डाग पडायचे. गारिकायच्या आधी माझी तीन पोटं पडली. माझ्या सासूने मला काय काय नावं ठेवली, विचारू नका."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" मुचानेता अशी ओरडली की परसातला काका उठून उभा राहिला. "माझ्या पोरीचं दुखणं ऐकलंत आणि गप्प बसलात?"

"पण ती थंड पाण्याची पोरगी!" विहीणही आता रडकुंडीला आली होती. "तुम्हीच सांगितलंत ना? तुमच्या पाण्यात गोगलगाय जगत नाही म्हणून! त्याची गाय घेतलीत! मग मी काय समजायचं? वर हा रोग नाही, मग पोरीला दुसरं काय असणार?"

मुचानेताला पोत्यांना चिकटलेल्या त्या बारक्या गोगलगायी आठवल्या. बटाटे काढायला हंगामाला वर येणारी खोऱ्यातली पोरं बांधाच्या कडेला उभी राहून खुशाल धार सोडायची, तेही आठवलं.

दुसऱ्याच दिवशी तिने शुवायला खोऱ्यातल्या मिशनच्या इस्पितळात नेलं. बाटलीतली लघवी काचेखाली ठेवून डॉक्टरीणबाईने मुचानेतालाही डोळा लावायला सांगितला. लांबट अंडी होती, प्रत्येकाच्या एका टोकाला बारीक काटा. काठीला टेकवून शुवायची उंची घेतली, गोळ्या दिल्या. सुया तिला कधी लागतच नव्हत्या.

"किडे मरतील," डॉक्टरीण म्हणाली. "आत जे व्रण झालेत त्यांचं सांगता येत नाही. मूल राहील, कदाचित त्रास होईल. लवकर आणायला हवं होतं."

"आणलं होतं," मुचानेता म्हणाली. "तीनदा. वरच्या दवाखान्यात."

"वर आम्ही कधी तपासलंच नाही हो. वर हा रोग नसतो असं आतापर्यंत..."

"असं आतापर्यंत सगळेच म्हणतात," मुचानेता म्हणाली आणि पोरीचा हात धरून निघाली. शुवायने हात सोडवून घेतला.

आता एकच गोष्ट उरली होती. हे बैठकीत सांगायला तोंड हवं होतं, आणि ते तोंड फिलोमेना आत्याचं.

आत्या एकटीच राहायची. विधवा होऊन जमाना झाला होता, वय साठीपुढे. मुचानेता तिच्या झोपडीत गेली, रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली, टाळ्या वाजवल्या, सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही."

"का नाही, आत्याबाई?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एका पोरीने शेण खाल्लं तर एका घराचं नाक कापलं जातं. आमच्या पाण्यात रोग आहे म्हणून मी भर बैठकीत सांगितलं, तर डोंगरावरच्या सगळ्या पोरी घरात बसतील. कोण येईल वर? त्यापेक्षा गुरं देऊन टाका. पोरीला शहरात धाडा. वर्षभरात लोक विसरतील."

"म्हणजे सगळ्यांच्या पोरी खपाव्यात म्हणून माझ्या पोरीने छिनाल व्हायचं?"

"तोंड सांभाळ, वहिनी. आम्हीही त्याच पाण्यात बटाटे धुतो. आम्हाला झालंय का काही?"

मुचानेता उठायला लागली आणि तिची नजर चुलीमागे गेली. धुराच्या अंगाला, भिंतीलगत, दोरीवर काळ्या फडक्यांच्या पट्ट्या वाळत होत्या. बाहेर उन्हात नव्हे, आत, अंधारात. डोंगरावरची प्रत्येक बाई त्या पट्ट्या ओळखते. आणि या घरात दुसरी बाई नव्हती.

"हे कोणाचं?"

"नाकातून येतं मला कधीकधी."

"नाकाला एवढ्या पट्ट्या?"

आत्याचा चेहरा पडला. तिने दोरीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि खाली बसली. "मला वाटलं गाठ झाली असेल. आता या वयात कोणाला दाखवू? पंधरा वर्षं झाली तुझा नंदावा जाऊन. कोणी माणूस शिवलेला नाही मला, माई शुवाय. देवाशपथ."

मुचानेताला तिची दया आली असती. आली नाही. "तुम्हाला कोणी शिवलं नाही. तरी तुम्हाला रक्त जातंय. हे तुम्हाला माहीत होतं. आणि हे फडकं नेसून तुम्ही माझ्या पोरीला दुपारभर विचारत होतात, कोण तो?"

"मला वाटलं माझं वेगळं..."

"तुमचं गाठ आणि तिचं पाप! का? ती तरुण आहे म्हणून?" तिने दोरीवरची एक पट्टी ओढून आत्याच्या मांडीवर टाकली. "शनिवारी तुम्ही बोलणार आत्याबाई. नाहीतर मी बोलेन, व्याह्यांसमोर, रीत गेली चुलीत. आणि मी बोलले तर हेही बोलेन."

शनिवारी माणसं जमली. पुरुष बाकांवर, बायका चटईवर. गारिकायकडून त्याचा काका, बाप, वांबे, आणि स्वतः गारिकाय, नव्या बुटांत. शुवाय आईपासून जरा लांब बसली होती. काकाने रीतीचं बोलून झाल्यावर घसा साफ केला आणि गुरांचा विषय काढला. सगळे आत्याकडे बघायला लागले.

आत्या उठली. डोक्यावरचा रुमाल सारखा करत राहिली, आणि मुचानेताच्या मनात आलं, म्हातारी फसवते की काय. मग आत्या म्हणाली, "पोरीला कोणी शिवलेलं नाही. तिला पाण्याचा रोग आहे. आमच्या बांधातलाच."

"डोंगरावर?" काका हसला. "आत्याबाई, पोरीला वाचवायला काहीही सांगाल?"

"मलाही आहे," आत्या म्हणाली.

म्हातारी बाई, घराची आत्या, जावयाच्या माणसांसमोर उभी राहून म्हणत होती, "मलाही रक्त जातं. मी साठ ओलांडलीय. सांगा, माझा कोण लॉरीवाला?"

पुरुषांनी जमिनीकडे बघितलं. चटईवर मात्र एक बाई हळूच रडायला लागली, मग दुसरीने तोंड झाकलं. त्या का रडतात हे कोणी विचारलं नाही. मुचानेताला कळलं.

शेवटी काका बोलला. आवाज आता मऊ झाला होता. "मग झालं. गैरसमज होता. गोळ्या घेतल्या ना पोरीने? बरी होईल. आम्हीही या रोगाची माणसं, आम्हाला काय त्याचं?" मग जरा थांबून, अगदी गोडीने म्हणाला, "फक्त ती थंड पाण्याची म्हणून जी गाय दिली होती, तेवढी परत करा. बाकी सगळं जसं होतं तसं."

मुचानेताच्या नवऱ्याने, शुवायच्या बापाने, लगेच मान डोलावली. सुटल्यासारखा दिसत होता तो. वांबेने तर टाळ्याच वाजवल्या. सगळ्यांना एकदम भूक लागल्यासारखं झालं. पोरीला इतके महिने काय काय म्हटलं त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. माफी राहू दे, पोरीकडे कोणी बघितलंही नाही.

"रीत पुरी करू," थोरला चुलता म्हणाला. "शुवाय, उभी राहा. या माणसांना तू ओळखतेस का?"

शुवाय उभी राहिली. तिने काकाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, गारिकायकडे पाहिलं. गारिकाय बुटावरची माती झटकत होता.

"नाही," ती म्हणाली.

कोणीतरी हसलं. "लाजतेय पोर. नीट बघ, बाळ. ओळखतेस ना?"

"नीट बघितलं. नाही ओळखत." मग ती आपल्या माणसांकडे वळली. चुलता, बाप, आत्या, आणि सगळ्यांत शेवटी आई. आईवर तिची नजर थांबली. "यांनाही नाही."

मुचानेताला तो शब्द बरोबर जागी लागला आणि तो चुकीचा आहे असं ती म्हणू शकली नाही. तिनेही पोरीला विचारलं होतंच, बाळ, खरं सांग. ती चटईवरून उठली. व्याह्यांसमोर आईने उठायचं नसतं. नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "माई शुवाय, बस खाली." ती सरळ अंगण ओलांडून गोठ्याकडे गेली, फाटकाचे वासे एकेक करून काढून बाहेर फेकले आणि खोऱ्यातून आलेल्या गुरांच्या पाठीवर हाताने थापा मारायला लागली.

"चला," ती गुरांना म्हणाली. "तुमची माणसं निघाली."